साडेचार अंगुळांचा प्रदेश

लातूरहून नांदेडकडे निघाले की चाकूर, अहमदपूर, लोहा अशी गावे ओळीने लागतात. गेली चाळीस वर्षे मी या रस्त्याने ये-जा करतो आहे. रस्त्याकडेच्या भिंती म्हणजे आमच्या भागाचे वर्तमानपत्रच. आधी त्यांवर खतांच्या जाहिराती होत्या, मग संकरित बियाण्यांच्या आल्या, पुढे 'लातूर पॅटर्न'चा बोलबाला झाला तशा शिकवणी वर्गांच्या आल्या. एक मजकूर मात्र कधीच पुसला गेला नाही. 'मूळव्याध, भगंदर, फिशर. ऑपरेशनशिवाय खात्रीशीर इलाज.' या एका ओळीवर माझा जुना राग आहे. तो का, हे सांगायचे तर शरीराच्या ज्या भागाविषयी घरात सोडाच, दवाखान्यातही मोकळेपणाने बोलले जात नाही, त्याविषयी लिहावे लागेल. रविवारी सकाळी चहाबरोबर वाचायचा हा विषय नव्हे, हे मला कळते. तरीही लिहितो.

1989 च्या उन्हाळ्यात लोह्याकडचा एक एस.टी. ड्रायव्हर माझ्याकडे आला. वय छत्तीस. शौचाला रक्त पडत होते, तेही अकरा महिन्यांपासून. कारण त्याने स्वतःच शोधून ठेवले होते. "उष्णता हो डॉक्टर. दिवसभर इंजिनाला मांडी लावून बसायचं, दुसरं काय होणार?" त्याने पुड्या घेतल्या होत्या, मलमे लावली होती, एका ठिकाणी इंजेक्शनेही टोचून घेतली होती. मी विचारले, "आतून बोटाने कुणी तपासले का?" तो गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला. कुणीच तपासले नव्हते.

मी हातमोजा चढवला. तपासणीला एक मिनिटही लागले नाही. बोट अगदी शेवटपर्यंत गेल्यावर टोकाला काहीतरी कडक, खडबडीत, वाळलेल्या चामड्याच्या कडेसारखे लागले. मूळव्याधीचे कोंब बोटाला असे लागत नाहीत. ते मऊ असतात, बहुधा जाणवतसुद्धा नाहीत. हा गुदाशयाचा कर्करोग होता.

डॉक्टरमंडळींची बाजूही सांगितली पाहिजे. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे हा कर्करोग कमी आढळतो. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावागावांत फिरून कर्करोगाची नोंद ठेवण्याचे काम 1987 पासून बार्शीहून सुरू झाले. ग्रामीण भागातली देशातली ती पहिली नोंदवही. तिच्यातही तोंडाचे आणि गर्भाशयमुखाचे कर्करोग ठळकपणे दिसतात, गुदाशयाचे थोडे. म्हणजे गावच्या डॉक्टरपुढे मूळव्याधीचे शेकडो रुग्ण येतात तेव्हा कुठे त्यांत हा एखादा असतो. पण तो असतो, आणि पुष्कळदा तरुण असतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनीही हे वेळोवेळी नोंदवले आहे: आपल्याकडचा गुदाशयाच्या कर्करोगाचा रुग्ण परदेशातल्यापेक्षा वयाने बराच लहान असतो. "तरुण आहे, मूळव्याधच असेल" हा हिशेब इथे चुकतो.

मी स्वतः हा भाग कसा शिकलो, ते सांगतो. मराठवाड्यातल्याच एका वैद्यकीय महाविद्यालयात मी शिकलो. शवविच्छेदनाच्या टेबलावर हात, पाय, छाती असे करत करत आम्ही श्रोणीपर्यंत, म्हणजे कमरेच्या हाडांच्या कढईपर्यंत पोचलो तेव्हा मार्च उजाडला होता आणि परीक्षा तोंडावर आली होती. फॉर्मॅलिनने सगळे राखाडी, चरबीने भरलेले. स्नायू कुठला, पडदा कुठला, मज्जातंतू कुठला, काही उमगत नव्हते. पुस्तकातली आकृती पाठ केली, तोंडी परीक्षेत घडाघडा म्हटली आणि पास झालो. ती आकृती एखाद्या माणसाच्या संसाराशी निगडित आहे, हे तेव्हा डोक्यात शिरले नाही.

आता ती आकृती जमेल तितक्या साध्या शब्दांत मांडतो. श्रोणीच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. पुढे जघनाचे हाड, मागे माकडहाड, दोन्ही बाजूंना श्रोणीच्या भिंती, आणि त्यांच्यामध्ये ही झोळी ताणलेली. तिचे शास्त्रीय नाव लेव्हेटर एनाय, म्हणजे गुदद्वार वर उचलून धरणारा स्नायू. चार पायांच्या जनावरांत या स्नायूंचे बरेचसे काम शेपटी हलवण्याचे. माणूस दोन पायांवर उभा राहिला, शेपटी गेली, आणि बैल ज्याने माश्या हाकलतो तोच स्नायू आपल्या पोटातल्या ऐवजाला खालून आधार देत बसला. या झोळीचा सर्वांत आतला पट्टा जघनाच्या हाडापासून निघतो, गुदाशयाला मागून वळसा घालतो आणि परत त्याच हाडाकडे येतो. ज्वारीच्या राखणीला बसलेल्या माणसाच्या हातातली गोफण आठवा. मधल्या खोबणीत जसा दगड, तसा या गोफणीत गुदाशय. ही गोफण आतड्याला सतत पुढे खेचून ठेवते, त्यामुळे तिथे जवळजवळ काटकोन होतो. आपण झोपेत असलो तरी सगळे आवरून धरले जाते ते या काटकोनामुळे आणि त्याच्या खालच्या दोन कड्यांमुळे. आतली कडी आपली आज्ञा ऐकत नाही, बाहेरची ऐकते.

सुश्रुताने अर्श म्हणजे मूळव्याधीच्या प्रकरणात गुदाची लांबी साडेचार अंगुळे दिली आहे आणि त्यात तीन वळ्या सांगितल्या आहेत: प्रवाहणी, विसर्जनी, संवरणी. एक ढकलणारी, एक सोडणारी, एक आवरणारी. आजच्या शरीररचनेशी त्या नेमक्या जुळवण्याचा खटाटोप मी करणार नाही. तसे करणारे बरेच भेटतात. पण बोट आत घातलेल्या माणसालाच सुचेल असे हे वर्णन आहे, एवढे मात्र खरे. गुदाला त्याने मर्मांतही गणले, आणि तेही तत्काळ प्राण घेणाऱ्या मर्मांत.

पुरुषाची श्रोणी ही शल्यविशारदाच्या दृष्टीने मोठी अडचणीची जागा. बाईच्या श्रोणीची रचना बाळंतपणासाठी रुंद असते आणि गुदाशयाच्या पुढे गर्भाशय, योनिमार्ग अशी मधली वस्ती असते. पुरुषाची अरुंद, खोल, उतरत्या नरसाळ्यासारखी. आमच्या लातूरकरांना कळेल अशा भाषेत सांगायचे तर बाईची ब्रॉडगेज आणि पुरुषाची बार्शी लाइट रेल्वे. या अरुंद जागेत गुदाशयाच्या अगदी पुढ्यात मूत्राशय, वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथी. मध्ये एक पातळ पडदा, ज्याला 1836 साली त्याचे वर्णन करणाऱ्या देनोव्हिलिए या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाचे नाव आहे. मागे त्रिकास्थीवर पसरलेल्या शिरा. त्या फाटल्या तर रक्त थांबवताना शल्यविशारदाचे पाय लटपटतात.

त्या काळी आम्ही ही शस्त्रक्रिया करायचो ती बरीचशी हाताच्या अंदाजाने. पोट उघडायचे, गुदाशयाच्या मागे पंजा घालायचा आणि बोटांनी सोडवत खाली जायचे. दिसायचे थोडे, जाणवायचे जास्त. लंडनच्या अर्नेस्ट माइल्सने 1908 मध्ये पोटाकडून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी गुदाशय काढण्याची पद्धत मांडली. त्याआधी नुसते खालून काढलेल्या त्याच्या 57 रुग्णांपैकी 54 जणांत कर्करोग परत आला होता, आणि ही गोष्ट त्याने स्वतःच छापली. असा प्रामाणिकपणा दुर्मिळ. पण माइल्सनंतरही कितीतरी वर्षे, शस्त्रक्रिया 'यशस्वी' झालेल्या चारांपैकी साधारण एकाला त्याच जागी गाठ पुन्हा यायची. असे का, याचे उत्तर इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक या गावच्या बिल हील्ड यांनी 1982 मध्ये दिले. गुदाशयाभोवती चरबीची एक गादी असते, मेसोरेक्टम. कर्करोग आधी तिच्यात पसरतो. मक्याचे कणीस जसे पानांसकट खुडावे, तसा गुदाशय या गादीसकट, तिचा पापुद्राही न फाटता निघाला पाहिजे. हाताने ओढलेत तर पाने फाटतात आणि दाणे मागे सांडतात. गादी आणि श्रोणीची भिंत यांच्यात कोळ्याच्या जाळ्यासारखा एक मोकळा थर असतो; डोळ्यांनी बघत, कात्रीने, त्या थरातूनच उतरायचे.

माझ्या ड्रायव्हरची शस्त्रक्रिया 1989 मधली. मुंबईला टाटात जा, असे मी त्याला सुचवले होते. नांदेडहून मनमाडपर्यंत तेव्हा मीटरगेज गाडी. बिनपगारी रजा, परळला कुणी ओळखीचे नाही, घरी दोन लहान मुली. "तुम्हीच करा," तो म्हणाला. मी केली. गाठ काढली, आतडे हाताने टाके घालून जोडले. पोटावर पिशवी आली नाही. याचा मला केवढा अभिमान वाटला होता! लघवीची नळी काढल्यावर त्याला लघवी होईना, म्हणून तीन आठवडे पुन्हा नळी ठेवावी लागली. हळूहळू तेही सुरळीत झाले. तो परत गाडी चालवू लागला.

वर्षभराने तो तपासणीला आला. सोबत बायको होती. तिला त्याने बाहेरच्या बाकावर बसवले. मी पोट तपासले, बोटाने आतून पाहिले, "एकदम छान" म्हणालो. तो उठला नाही. टेबलावरच्या काचेखाली कॅलेंडर होते, त्याकडे बघत म्हणाला, "डॉक्टर, एक इचारू का? बायकोसंगं काही व्हईना झालंय. ऑपरेशनपासून. हे असंच राहतंय का?"

मी काहीतरी बोललो. अशक्तपणा असेल, मनावर घेऊ नका, टॉनिक देतो. टॉनिक लिहूनही दिले. तो गेला आणि पुढच्या तपासणीला आला नाही.

मला उत्तर ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नाही. पुस्तकाच्या तळटीपेत ते होतेच. पण ते शस्त्रक्रियेच्या आधी त्याला सांगायचे असते, आणि हाताने सांभाळायचे असते, हे मला ठाऊक नव्हते. हे मज्जातंतू दोन वाटांनी येतात. एक वाट कमरेच्या मणक्यांपुढून, श्रोणीच्या काठावरून दोन बारीक दोऱ्यांसारखी खाली उतरते. वीर्यस्खलन तिच्या ताब्यात. दुसरी त्रिकास्थीच्या भोकांतून बाहेर पडते. लिंगाचा ताठरपणा आणि लघवीचा जोर हिच्या ताब्यात. श्रोणीच्या बाजूच्या भिंतीवर दोन्ही एकत्र येतात आणि जाळीदार पट्टी बनते. त्या पट्टीतून निघालेले केसासारखे धागे गुदाशयाच्या पुढच्या दोन कोपऱ्यांवरून, प्रोस्टेटच्या कडेला चिकटून पुढे जातात. शल्यविशारदाचा पंजा जिथे आंधळेपणाने फिरतो, नेमकी तीच ही जागा.

हे धागे नेमके कुठून जातात, हेसुद्धा फार उशिरा कळले. अमेरिकेतले पॅट्रिक वॉल्श हे प्रोस्टेटच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करणारे. 1981 मध्ये ते हॉलंडमधल्या लायडेनला गेले असता निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर यांच्याशी त्यांची गाठ पडली. डोंकर मृत जन्मलेल्या बालकांच्या शवांवर विच्छेदन करत होते. मोठ्या माणसाच्या शवात चरबीने आणि फॉर्मॅलिनने जे झाकले जाते, ते त्या इवल्या देहांत स्वच्छ दिसत होते. दोघांनी मिळून धाग्यांची वाट शोधली आणि 1982 मध्ये ती छापली. म्हणजे मी ड्रायव्हरला टॉनिक लिहून दिले तेव्हा ती वाट जगाला ठाऊक होऊन आठ वर्षे झाली होती. मला ती पुढे दोन वर्षांनी पुण्यातल्या एका परिषदेत कळली. स्लाइड बदलली आणि मला माझ्या टेबलावरचे ते कॅलेंडर दिसले.

त्यानंतर मी पंजा घालणे सोडले. शिकायला वेळ लागला. चाळिशीनंतर हाताची सवय मोडणे सोपे नसते. सगळे धागे नेहमी वाचतात असेही नाही. गाठच त्यांना बिलगलेली असेल तर ते सोडावे लागतात. पण सोडावे लागणे वेगळे आणि न बघता तोडणे वेगळे.

2015 मध्ये माझे गुरुजी आले. कंधार तालुक्यातल्या आमच्या शाळेत त्यांनी मला भूगोल शिकवला होता. फळ्यावर खडू न उचलता महाराष्ट्राचा नकाशा काढायचे. वय त्र्याहत्तर. रक्त, वारंवार शौचाची भावना आणि बसताना ठणका. तेही सात-आठ महिने त्याच भिंतीवरच्या जाहिरातीच्या मागे गेले होते. बोट दोन पेरे आत गेले आणि गाठ लागली. गुरुजींना आवळायला सांगितले. एरवी अशा वेळी ती गोफण बोटाला मागून पुढे दाबते आणि गाठ तिच्यावरून सरकते. इथे गाठ आणि गोफण एकजीव झालेली होती. एम.आर.आय.मध्ये तेच दिसले.

"नकाशा काढ," गुरुजी म्हणाले. मी कागदावर काढला. झोळी, गोफण, पुढे प्रोस्टेट, मागे माकडहाड. वरच्या बाजूला गुदाशयाभोवती चरबीची गादी जाड असते, खाली येता येता ती निमुळती होते आणि गोफणीजवळ संपते. कणसाच्या देठाकडे जशी पाने संपतात. त्यामुळे वरची गाठ काढताना गादीचे संरक्षण मिळते, इथे गाठ आणि स्नायू यांच्यात काहीच नसते. स्नायू वाचवायला गेलो तर गाठीत कात्री शिरते. तेव्हा झोळीचा हा भागच कर्करोगासकट काढायचा. स्वीडनच्या टॉर्ब्यॉर्न होल्म यांनी 2007 मध्ये रुग्णाला पालथे झोपवून, झोळी गुदाशयाला चिकटलेलीच ठेवून काढण्याची रीत मांडली होती, ती मी समजावली. मग गुदद्वार शिवून बंद, आणि पोटावर कायमची पिशवी.

"म्हणजे सरहद्दच उडवायची," गुरुजी म्हणाले. मग माझ्याकडे निरखून पाहत, "अजून काहीतरी हाय. कामून लपवायलास?"

गुरुजींच्या पत्नी शेजारीच बसल्या होत्या. ज्यांच्यासमोर कधी खुर्चीवर बसलो नाही, त्यांना हे सांगायचे होते. मी कोपऱ्यांवरचे धागे काढून दाखवले आणि ते कशासाठी असतात ते सांगितले. लघवीचे सांगितले, दुसरेही सांगितले. गाठ ज्या बाजूला आहे तिथले वाचणार नाहीत, दुसऱ्या बाजूचे वाचवायचा प्रयत्न करीन, म्हणालो. बाईंनी पदर सारखा केला, पण त्या उठून गेल्या नाहीत. गुरुजींनी माझ्या हातातले पेन घेऊन कागदावर उत्तर दिशा दाखवणारा बाण काढला. "नकाशाला दिशा लागती," एवढेच म्हणाले.

आधी पाच आठवडे बार्शीला किरणोपचार. लातूर-बार्शी नॅरोगेज आता ब्रॉडगेज झाली होती; गुरुजी खिडकीशी बसून स्टेशने मोजत जात. मग शस्त्रक्रिया. ती चांगली झाली, पण खालची जखम भरायला अडीच महिने लागले. एवढा स्नायू काढल्यावर मागे पोकळी राहते आणि किरणांनी शेकलेली कातडी लवकर सांधत नाही.

खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात झाली. गुरुजी तेव्हा मुलाकडे लातुरात राहत होते. एप्रिल 2016. शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते सगळ्यांना आठवत असेल. 12 एप्रिलला पहिली गाडी आली, पाच लाख लिटर घेऊन. पोटावर पिशवी असलेल्या माणसाला पाणी म्हणजे काय, ते तेव्हा मला कळले. पिशवी रिकामी करायची, धुवायची, भोवतालची कातडी स्वच्छ ठेवायची. घरात माणशी दोन-तीन बादल्या, त्यातली अर्धी गुरुजींच्या पिशवीला. ते सुनेसमोर ओशाळून जात. शेवटी त्यांनी खाणेच कमी केले, म्हणजे पिशवी कमी भरेल. वजन उतरले तेव्हा आम्हाला कळले. आमच्या कुठल्याही पुस्तकात टँकरच्या पाळीप्रमाणे स्टोमा कसा सांभाळावा, हे लिहिलेले नाही. त्यांच्या सुनेने मार्ग काढला: कपडे धुतलेले निवळ पाणी वेगळ्या घागरीत गाळून पिशवीसाठी, आणि कातडीपुरते स्वच्छ पाणी एका तांब्यात. ही युक्ती मी पुढे कितीतरी जणांना सांगितली.

गुरुजी त्यानंतर चार वर्षे जगले आणि हृदयविकाराने गेले.

आता सोयी आहेत. नांदेडला 1988 पासून आणि लातूरला 2002 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. 2012 मध्ये राज्याची जीवनदायी योजना आली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होते. पुढे तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. दुर्बिणीने ते धागे मोठे होऊन पडद्यावर दिसतात, मला लायडेनची आठवण होते. पण हे सगळे बोट आत गेल्यानंतरचे. आजही माझ्याकडे येणाऱ्या दर नव्या रुग्णाला मी तोच प्रश्न विचारतो, आतून कुणी तपासले का, आणि बहुतेक वेळा उत्तर तेच येते. रक्त पडत असेल, शौचाची सवय बदलली असेल, पोट साफ झाल्यासारखे वाटतच नसेल, तर वय कितीही असो, बोटाने तपासल्याशिवाय मूळव्याधीचे औषध घेऊ नका. डॉक्टर तपासत नसतील तर तुम्ही म्हणा. त्यांनाही लाज वाटत असते.

तो ड्रायव्हर पुन्हा भेटला. पाच-सहा वर्षांपूर्वी अहमदपूरच्या स्टँडवर चहा पिताना त्यानेच मला ओळखले. निवृत्त झालेला, केस पांढरे. कर्करोग परत आला नव्हता. मुलींची लग्ने झाली, एक नांदेडला दिली आहे, म्हणाला. मी त्याला बाजूला घेतले आणि तीस वर्षांपूर्वी सांगायला हवे होते ते सांगितले: दोष त्याचा नव्हता, मनाचा नव्हता, अशक्तपणाचा तर नव्हताच, माझ्या हाताचा होता. तो थोडा वेळ फलाटावर लागलेल्या गाडीकडे बघत राहिला. "म्हणजे ते टॉनिक..." म्हणाला. मी मान हलवली. "तीन बाटल्या पिलो मी त्याच्या," तो म्हणाला, आणि चहाचे पैसे त्यानेच दिले.